बनाबाईच्या उजव्या दाढा

इस्लामपुरात सुमंत डॉक्टरांचा दाताचा दवाखाना कुठं, असं विचारलं तर लोक हात करून रस्ता दाखवतात. माया पुकळे कुठं असते, असं विचारलं तर मात्र दारापर्यंत आणून सोडतात. चौदा वर्षं झाली ती त्या दवाखान्यात आहे. आली तेव्हा फरशी पुसायला आणि थुंकायचं भांडं धुवायला आली होती. आज हत्यारं उकळणं, केसपेपर लिहिणं, रडणाऱ्या पोराला खुर्चीत बसवणं आणि रडणाऱ्या बाप्याला त्याहून कडक आवाजात बसवणं, सगळं तिच्याकडे. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण दाढ काढल्यावर कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरायचा हे ती अशा थाटात सांगते की पेशंट पुन्हा डॉक्टरांना विचारायला जात नाही.

माणदेशाकडची माणसं तर थेट तिच्याच नावानं येतात. म्हसवड, आटपाडी, जत या बाजूची, मेंढरांच्या मागं हिंडून पाय झिजलेली माणसं. विट्याला गाडी बदलून येतात आणि दारातूनच हाक मारतात, "माया हाय का गं?" त्यांना डॉक्टरांपेक्षा तिचा आधार मोठा, कारण ती त्यांच्यातलीच. तिचं माहेर आटपाडीकडचं, सासर म्हसवडच्या पुढच्या एका वस्तीवरचं. नवरा अर्जुना दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, म्हणून बिऱ्हाड इस्लामपुरात.

बाजारच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीवर मायानं आपल्या अकलेनं एक तोड काढली होती. माणूस गाल धरून दारात आला की त्याला बाकावर बसवायचं आणि पहिला प्रश्न टाकायचा, "कुठली दाढ?" तो गालावरून बोट फिरवायचा, जरा घुटमळायचा आणि एक दाढ दाखवायचा. ती कागदावर लिहायची: उजवी, खालची, मागून दुसरी. कागद आत जायचा तेव्हा निम्मं काम उरकलेलं असायचं. डॉक्टर खूश, पेशंट खूश, माया तर त्याहून खूश. दुखणाऱ्या माणसाचं एक असतं, आपल्याला कुणीतरी विचारलं यातच त्याला अर्धं बरं वाटतं. कुठली दाढ, असं विचारलं की तो बिचारा दाढच दाखवणार. चौदा वर्षांत एकजणही असा निघाला नाही, जो म्हणाला, दाढ नव्हं बाई, आणखीन काहीतरी हाय.

गेल्या दिवाळीनंतर अश्लेषा आली. ही डॉक्टरांच्या भावाची मुलगी, दाताच्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेणारी. तिला अभ्यासासाठी एक काम मिळालं होतं. दवाखान्यात रोजच्या कारणांनी येणारी माणसं, कुणी दात भरायला, कुणी साफ करायला, कुणी कवळीच्या मापाला, त्या सगळ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या जबड्याचा सांधा तपासायचा. जबड्याला सांधा असतो हेच मुळात लोकांच्या गावी नसतं. गुडघा दुखला की माणूस सांधा म्हणतो. कानाच्या पुढं दुखलं की कान म्हणतो, नाहीतर दाढ म्हणतो.

मायाला हे काम सुरुवातीला मुळीच पटलं नाही. "मॅडम, ही माणसं दाताला आल्यात," ती म्हणाली. "न दुखणाऱ्या जागंची चौकशी करून एकाला दोन दुखणी लावून देशीला."

अश्लेषा हसली. "लावून नाही देत मायाताई. लागलेली असतील तर बघायचीत."

तिच्या हातात एक छापील कागद असायचा. तोंड उघडताना कानापाशी कट्ट असा आवाज येतो का? जांभई देताना जबडा अडकतो का? सकाळी उठल्यावर गाल आवळल्यासारखे वाटतात का? मग ती कानाच्या पुढं दोन बोटं ठेवून हलकेच दाबायची, गालाचा आणि कानशिलाचा स्नायू चाचपायची. शेवटी पेशंटला सांगायची, स्वतःचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला बघू. तीन मावली तर ठीक. तरणी पोरं बऱ्याचदा दोनावरच अडायची. ते गुटख्यानं आवळलेलं तोंड, तो रोग निराळा, म्हणून त्यांचे कागद ती वेगळे ठेवायची आणि त्यांना वेगळंच झापायची.

कागद भरायचं काम मायाकडे होतं. पहिल्या महिन्यात सव्वाशे माणसं झाली आणि त्यातल्या चाळीसएक जणांत काही ना काही सापडलं. कुणाचा सांधा वाजत होता, कुणाचं तोंड उघडताना एका अंगाला जात होतं. मायाचा विश्वासच बसेना. हीच माणसं, याच बाकावर, इतकी वर्षं तिच्यासमोर बसत आली होती.

"घाबरायचं कारण नाही," अश्लेषा म्हणायची. "नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, अशांना औषधाचीसुद्धा गरज नाही. पण दहा-बारा जण असे आहेत ज्यांना रोज दुखतं आणि ज्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांची मला काळजी वाटते."

त्यातली एक होती भाजीवाली. दात साफ करायला आली होती, बाकी तक्रार नाही. अश्लेषानं कानापुढं बोट दाबलं तशी तिनं अश्लेषाचं मनगटच धरलं. किती दिवस दुखतंय, असं विचारल्यावर म्हणाली, "लय वरसं झाली की. पर त्यात काय सांगायचं?" आणि उठून पाटी डोक्यावर घेऊन गेलीसुद्धा. तिला परत बोलावून आणायला मायाला चौकापर्यंत पळावं लागलं.

मग एक दिवस शिवणकाम करणारी एक बाई आली. अश्लेषानं तिला कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला, "दातांत काही धरायची सवय आहे का? सुई, टाचणी, दोरा?"

"दोरा तर दातानंच तोडत्यात की," बाई म्हणाली.

माया लिहिता लिहिता थांबली. तिच्या डोळ्यांपुढं तिची सासू उभी राहिली. वस्तीवरच्या छपराखाली मांडी घालून बसलेली बनाबाई, पुढ्यात लोकर, आणि सुताचं एक टोक उजव्या दाढेत घट्ट धरलेलं. सूत तुटलं की ते जोडताना एक टोक हातात आणि दुसरं दाढेत, असं बनाबाईचं कायमचं होतं. तोंडात सूत असतानाच ती बोलायची, नातवंडांना हाका मारायची, कुत्र्याला हाकलायची. सगळे हसायचे. उजवी दाढ म्हणजे आयचा तिसरा हात, असं अर्जुना म्हणायचा.

बनाबाईचं आयुष्य सांगायचं तर ते मेंढरांच्या पायांनी चाललेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं, आणि पावसाच्या तोंडावर परत माणदेश गाठायचा. अर्जुनाचा जन्म असाच कराडच्या अलीकडे एका कापणी झालेल्या रानात झाला. तिसऱ्या दिवशी बाई पोर पाठीशी बांधून पुढच्या मुक्कामाला चालायला लागली. याचं तिला कौतुक नव्हतं. सगळ्याजणी तेच करत होत्या. तिला कौतुक होतं ते आपल्या सुताचं. जत्रेत घोंगडी विणणारे तिचं नाव घेऊन सूत मागायचे. म्हणायचे, बनाबाईचं सूत म्हणजे गाठ शोधून सापडायची नाही.

नवरा गेला ते साल दुष्काळाचं होतं. निम्मी मेंढरं विकावी लागली. त्याच्या दुसऱ्या वर्षी बनाबाईचा उजवा गाल दुखायला लागला. आधी सगळ्यांनी कान म्हटलं. लसणाचं तेल कोमट करून घातलं, ओव्याची धुरी दिली, म्हसवडला कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. कान नाही म्हटल्यावर उरली दाढ. आणि दाढ म्हटल्यावर घरात सून होती ना, निम्मी डॉक्टरीण!

तेव्हा मायाला दवाखान्यात लागून तीनेक वर्षं झाली होती. सासूला आपल्या दवाखान्यात आणायचं याचा तिला केवढा आनंद झाला होता. नवीन लुगडं नेसून बनाबाई बाकावर बसली. बाजारचा दिवस, गर्दी मावत नव्हती. मायानं सगळ्यांदेखत, जरा मोठ्यानंच विचारलं, "कुठली दाढ, आत्ती?"

बनाबाईनं कानाच्या पुढून हनुवटीपर्यंत हात फिरवला. "ही बघ, हितनं हितपातूर."

"तसं न्हाई वो. एक दाखवा. डाक्टरला एक लागती."

शेजारची माणसं बघत होती. सुनेचा चारचौघांत पाणउतारा नको, म्हणून बनाबाईनं एक दाढ दाखवली. मायानं लिहिली. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "कीड तर दिसत नाही." पण बाई लांबून आलेली, दुखतंय म्हणतेय, बाहेर वीस माणसं खोळंबलेली. काढली. आठ-पंधरा दिवस त्या जागेच्या दुखण्यात मूळचं दुखणं झाकून गेलं आणि सगळ्यांना वाटलं, बरं झालं. महिन्यानं पहिले पाढे पंचावन्न. वर्षभरात तिच्या शेजारची काढली. तिसऱ्या वेळी मात्र डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवलं. "माया, ही दाढ चांगली आहे गं. मी नाही काढणार," ते म्हणाले.

आणि माया म्हणाली, "काढून टाका सर. एवढ्या लांबनं परत परत कोण आणणार त्यांला?"

हे ती म्हणाली, याला आता नऊ वर्षं झाली. तिन्ही वेळा बनाबाईचं डोकं तिनंच धरलं होतं. दाढ काढताना पेशंटचं डोकं हलू नये म्हणून मागं उभं राहून ते पोटाशी घट्ट धरायचं असतं, आणि मायासारखं कुणाला ते जमत नाही असं डॉक्टर नेहमी सांगतात.

तरी दुखायचं थांबलं नाही. भाकरी चावताना बनाबाई मध्येच थांबायची, गालावर पदर धरायची. लग्नकार्यात जेवायला बसायची नाही, तर भावकी म्हणायची, पोरगा शहरात गेला म्हणून हिला शिष्टपणा आला. मग एकदा दसऱ्याला घरात पाहुणे होते. मायाला सकाळपासून उसंत नव्हती. सगळे जेवले, आणि बनाबाईच्या ताटात अख्खी भाकरी तशीच राहिली. माया तिथंच म्हणाली, "आत्ती, त्या अंगाला आता काढायला दाढच राहिली न्हाई. दाढ न्हाई तर दुखतंय काय? तुमचं दुखणं गालात न्हाई, डोस्क्यात हाय."

पाहुणे हसले. अर्जुनाही हसला. बनाबाईनं ताट उचललं, भाकरी कुत्र्याला घातली आणि हात धुतले. त्या दिवसापासून तिनं दुखण्याचं नाव काढलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. ती बोलत नाही म्हणजे थांबलं, असं मायानं धरून टाकलं. खरं म्हणजे सगळ्या घरानंच धरून टाकलं, कारण ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

शिवणकामवाली बाई गेल्यावर माया अश्लेषाजवळ जाऊन उभी राहिली. सरळ विचारायचा धीर झाला नाही. म्हणाली, "मॅडम, त्या बाजूच्या दाढा काढल्या तरीबी हे दुखतं का?"

"दुखणं दाढेचं नसेलच तर राहणारच की," अश्लेषा कागद लावता लावता म्हणाली. "सांध्याचं दुखणं दाढेत जाणवतं, कानात जाणवतं. अशा किती लोकांच्या चांगल्या दाढा उगीच जातात. वर माणूस मग एकाच बाजूनं चावत राहतो, ते वेगळंच. आणि सगळ्यात वाईट काय होतं माहितेय? काहीच सापडत नाही म्हणून घरचे म्हणतात, नाटक आहे."

तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. माया हत्यारं धुवायला मागच्या खोलीत गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. तिला रडू आलं, पण रडण्यापेक्षा शरम जास्त होती. आपल्याला शहाणी म्हणतात, आणि आपण आपल्याच माणसाला असं केलं, हे तिच्या मनातून जाईना.

अर्जुनाला सांगितलं तर तो म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. आनि आय आता कुठं काय म्हणतीया?"

"त्येच तर," माया म्हणाली. "म्हणायचं बंद कुणी केलं?"

अर्जुनानं टँकरची किल्ली उचलली आणि कामाला गेला. माया रविवारी सकाळच्या गाडीनं म्हसवडला निघाली. सासूपुढं जाऊन माफी मागायची, असं ठरवून निघाली होती. वाटेत तिनं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण वस्तीवर पोहोचली, बनाबाईनं "आगं माया, तू अशी मधीच कशी?" म्हणत पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि ते वाक्य कुठल्या कुठं गेलं. पेशंटपुढं वाघीण असणारी ही बाई सासूपुढं खोटंच बोलली. म्हणाली, "आमच्या दवाखान्यात एक मॅडम आल्यात. माणसांचे जबडे तपासत्यात, अभ्यासाला. त्यांला माणसं कमी पडत्यात. म्हणलं तुमी आला तर बरं हुईल."

"माणसं कमी पडत्यात?" बनाबाई म्हणाली. "मग येती की. तुज्या कामाचं हाय म्हणतीस तर का न्हाई यायचं?"

एवढं सोपं झालं याचंच मायाला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. विट्याच्या स्टँडवर मायानं भेळ घेतली, तर बनाबाई म्हणाली, पोट भरलंय. चहा घेतला, त्यात बिस्किट अर्धं मोडून, पार भिजेपर्यंत धरून, डाव्या बाजूनं हळूच आत सारलं. किती वर्षं ती असं खात असेल! माया समोर बसून बघत होती आणि आज पहिल्यांदा तिला ते दिसत होतं. घरात, सणावाराला, शेजारी बसून जेवताना तिनं हे शेकडो वेळा पाहिलं असणार. पाहून न पाहिल्यासारखं केलं असणार.

दवाखान्यात दुपारी गर्दी नव्हती. अश्लेषानं बनाबाईला खुर्चीत बसवलं आणि "आजी, मी जरा तपासू का?" म्हणून विचारलं. माया बाजूला कागद-पेन घेऊन उभी राहिली.

"तोंड उघडताना कानापाशी आवाज येतो का, आजी?"

"न्हाई."

"जबडा कधी अडकतो?"

"न्हाई बा."

"खाताना, चावताना दुखतं?"

"काय न्हाई. माजं सगळं ब्येस हाय."

अश्लेषानं तोंड उघडायला सांगितलं. तोंड उघडलं ते दीड बोट, आणि उघडताना हनुवटी उजवीकडे सरकली. कानापाशी झालेला आवाज बाजूला उभ्या असलेल्या मायालाही ऐकू गेला. अश्लेषानं कानापुढं बोट ठेवून अगदी हलकेच दाबलं. बनाबाईच्या पायाची बोटं आवळली. उजव्या डोळ्यातून पाणी येऊन कानाकडे ओघळलं.

"दुखतंय ना आजी?"

"न्हाई गं बाय," बनाबाई म्हणाली. "तुजा हात लय हलका हाय."

अश्लेषानं मायाकडे पाहिलं. कागदावर आता लिहायचं होतं. पेशंट म्हणेल ते लिहायचं, हा नियम. दुखत नाही, एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं. बनाबाई संध्याकाळच्या गाडीनं वस्तीवर गेली असती, आणि मायाला जन्मात कुणी काही विचारलं नसतं. तिनं पेन कागदावर टेकवलंसुद्धा. मग उचललं आणि खिशात ठेवून दिलं.

"मॅडम, आत्ती खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "आन् त्यांला खोटं बोलायला मी लावलंय."

आवाज जरा मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या खुर्चीवरून सुमंत डॉक्टर उठून आले. मायानं त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. कुठली दाढ म्हणून आपण विचारलं ते, तिसऱ्या दाढेला डॉक्टर नको म्हणत असताना आपण काढा म्हटलं ते, आणि दसऱ्याला पाहुण्यांपुढं जे बोलली ते, शब्द न बदलता. जुळवून ठेवलेलं वाक्य आता कामाला आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आत्ती, तुमचं दुखणं डोस्क्यात नव्हतं. खरं व्हतं. माजं चुकलं. लय चुकलं."

बनाबाई खुर्चीत तशीच पडून वर दिव्याकडे बघत राहिली. मग तिनं हात वर केला, अश्लेषाचं बोट धरलं, आणि आपल्या कानापुढं जिथं दुखत होतं तिथं नेऊन ठेवलं.

"हितं," ती म्हणाली. "धनी गेलं त्याच्या दुसऱ्या सालापास्नं. अकरा वरसं झाली. सकाळच्या पारी तोंडच उघडत न्हाई. पाण्याचा घोट घ्यायचा म्हणलं तरी आधी हातानं चोळाया लागतं. जांभई आली तर दाबून धरती. सूत कातायचं सोडून चार वरसं झाली. का सोडलं ते घरात कुणाला ठावं न्हाई, समद्यास्नी वाटतं डोळं अधू झाल्यात."

सहा वर्षांचं साचलेलं ती बोलत होती, आणि कुणीच तिला मध्ये थांबवलं नाही. माया खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. सूत का सोडलं ते ऐकल्यावर तिला खाली बघावं लागलं.

अश्लेषानं सगळं लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं, पूर्ण जाईल असा शब्द देत नाही, पण पुष्कळ कमी होईल. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, काही दिवस मऊ खायचं, तोंड उघडमिटीचा हळूहळू व्यायाम करायचा, आणि झोपताना दातांवर बसवायची एक प्लास्टिकची पट्टी ती मापानं करून देईल. बनाबाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. मध्येच तिनं हात करून अश्लेषाला थांबवलं.

"म्हंजी दुखत व्हता तो ह्यो सांधा?"

"हो आजी."

"मग माज्या त्या तीन दाढा? त्या चांगल्या व्हत्या व्हय?"

अश्लेषा डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. मनानं चांगला माणूस, पण अशा वेळी भल्याभल्यांची जीभ अडखळते. "त्याचं असं आहे, बनाबाई," ते म्हणाले, "त्या वेळी फोटोत तसं स्पष्ट काही... आता एवढ्या वर्षांनी नक्की सांगणं..."

"चांगल्या व्हत्या, आत्ती," माया म्हणाली. "तिन्ही."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "हो. चांगल्या होत्या."

बनाबाईनं उजव्या गालावरून एकदा हात फिरवला. रागावेल, रडेल, असं मायाला वाटत होतं. दोन्हीला ती तयार होती. बनाबाई मात्र नेहमीच्या बोलण्याइतक्याच सहज बोलली.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "तिसऱ्या बारीला तर उठून जावं आसं आलं व्हतं मनात. पर तू माजं डोकं धरलं व्हतंस. म्हणलं, माया धरून हाय, म्हंजी बरुबरच आसंल."